थिओडोर (संत व बायझंटिन व्यक्ती)

थिओडोर : (ग्रीक थेओडोरोस). आरंभीच्या ख्रिस्ती व बायझंटिन इतिहासातील अनेक संत, बिशप, मठाधिपती आणि सम्राट यांचे नाव. त्यांपैकी नवसैनिक थिओडोर (टिरो) आणि सेनापती थिओडोर (स्ट्राटेलाटिस) हे दोघे सर्वांत लोकप्रिय असून पूर्वेकडील चर्चच्या पंचांगात ते स्वतंत्र रक्तसाक्षी म्हणून नोंदलेले आहेत. पहिल्याचा सण १७ फेब्रुवारीस, दुसऱ्याचा ८ फेब्रुवारीस येतो. उपलब्ध पुरावा मात्र एकाच माणसाकडे बोट दाखवतो. म्हणून येथे दोघांचा विचार एकत्र केला आहे.

सर्वांत जुना भक्कम आधार म्हणजे निसाचा ग्रेगरी याचे चौथ्या शतकाच्या अखेरचे प्रवचन. यूखैता (आजच्या तुर्कस्तानातील चोरूम प्रांत) येथील स्मारकस्थळी ते झाले असे मानतात. त्यातला थिओडोर हा नुकताच भरती झालेला साधा शिपाई आहे. त्याची पलटण हिवाळ्यासाठी अमासियात उतरलेली असते. तो देवांना बळी देण्यास नकार देतो, विचार करायला मिळालेल्या मुदतीत इरिस नदीकाठचे देवांच्या मातेचे मंदिर पेटवून देतो आणि शेवटी स्वतः अग्नीत प्राण सोडतो. ग्रेगरी वास्तूचेही बारकाईने वर्णन करतो : भिंतींवर रक्तसाक्ष्याचे शौर्य, त्याचा छळ, छळणाऱ्यांचे हिंस्र चेहरे आणि धगधगती भट्टी रंगवलेली आहे, पायाखाली रंगीत खड्यांची नक्षी आहे आणि कबरीवरची धूळ मिळाली तरी भाविक ती मोलाची ठेव म्हणून घरी नेतात. या सगळ्यात सेनापती कोठेच नाही, पुढील आख्यायिकांत थिओडोर ज्याला मारतो तो सर्पासुरही नाही. पाचव्या शतकात जेरुसलेमच्या क्रिसिप्पसने याच संताची स्तुती लिहिली, सहाव्या शतकातील थिओडोसियसच्या यात्रावर्णनात यूखैता हे संत थिओडोरचे गाव म्हणून येते, आणि रोममधील कोझ्मास व दामियान यांच्या चर्चमधील मोझेइकात (सु. ५२६–५३०) थिओडोर दरबारी पोशाखात उभा आहे. या सर्वांना थिओडोर एकच ठाऊक आहे. सेनापती थिओडोर कागदावर येतो तो नवव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर सुमारे पाचशे वर्षांनी. त्याची कथा सम्राट लिकिनियसच्या काळात, हेराक्लियात घडते. तो सम्राटाकडून सोन्या-चांदीच्या मूर्ती मागून घेतो, फोडतो आणि तुकडे गरिबांना वाटतो. मग त्याला क्रूसावर चढवतात व शिरच्छेद करतात. तपशील वेगळे असले तरी सांगाडा ओळखीचा आहे. निर्णायक गोष्ट पुढेच आहे : हेराक्लियात मेलेल्या या सेनापतीचे अवशेषही यूखैतालाच नेले जातात. यूसेबिया नावाची जी धर्मशील स्त्री शिपायाच्या कथेत त्याचे दफन करते, तीच सेनापतीच्या कथेत त्याला सर्पासुराबद्दल सावध करते. दोन वेगळ्या माणसांच्या आठवणी एकाच गावात आणि एकाच बाईच्या नावाशी येऊन मिळाव्यात, हे पटण्याजोगे नाही. बोलांडिस्ट (संतचरित्रांची चिकित्सा करणाऱ्या मंडळातील) संशोधक इपोलीत दलए याने सैनिक-संतांच्या ग्रीक आख्यायिकांवरील ग्रंथात (१९०९) हा निष्कर्ष मांडला आणि तो आजही टिकून आहे.

यावर मुख्य आक्षेप स्थळाचा आहे. सेनापतीचे तीर्थ यूखैता नसून यूखानिया होते, ही दोन गावे चर्चच्या याद्यांत स्वतंत्रपणे येतात, आणि निकोलस इकोनोमिदिस याने १९८६ मध्ये त्यांचे वेगळेपण आग्रहाने मांडले. ते मान्य केले तरी त्यातून दोन तीर्थे सिद्ध होतात, दोन माणसे नव्हेत. शेजारच्या गावाला स्वतःचा संत हवा असेल, तर आधीच प्रसिद्ध असलेल्या संताचे नवे रूप घडणे ही सर्वांत सोपी वाट होय. दुसरा आक्षेप चित्रकलेचा : लूव्हरमधील दहाव्या शतकातील हार्बाव्हील हस्तिदंती त्रिपटात दोघे थिओडोर आहेत. परंतु हा पुरावा आख्यायिकेनंतरचा आहे, आणि कलावंतांनी दोघांना पुढे जवळजवळ सारखाच चेहरा दिला. फरक उरला तो दाढीच्या ठेवणीचा. तिसरा आक्षेप असा की नवव्या शतकातील लेखकांसमोर आज हरवलेली जुनी परंपरा असू शकेल. शक्यता नाकारता येत नाही. पण ग्रेगरी, क्रिसिप्पस आणि यात्रेकरू या तिघांच्याही नजरेतून ती निसटली असे मानावे लागते. शिपायाचा सेनापती का झाला, याचे उत्तर त्या काळातच आहे. नवव्या-दहाव्या शतकांत आशिया मायनरमध्ये लष्करी घराणी प्रबळ होत होती व त्यांना आपल्या दर्जाचा पाठीराखा हवा होता. ९७१ मध्ये दोरोस्तोलोन येथे सम्राट जॉन त्झिमिस्किस याने रुसांचा पराभव केला, तेव्हा पांढऱ्या घोड्यावरून थिओडोर आघाडीला लढला अशी वदंता पसरली. कृतज्ञतेपोटी सम्राटाने एका नगराला संताचे नाव दिले. ते कोणते, याबद्दल इतिहासकार लिओ डीकन आणि स्किलित्झिस यांच्यात एकमत नाही. सर्पासुर मारण्याचे कर्तृत्वही संत जॉर्जकडे गेले ते बरेच नंतर. आधी ते थिओडोरचे होते.

समकालीन लेखन जिथे शाबूत आहे तिथे असे द्विभाजन होत नाही. स्टुडिओसचा थिओडोर (७५९–८२६) याची साडेपाचशेहून अधिक पत्रे उरली आहेत. सम्राट सहावा कॉन्स्टंटाइन याच्या दुसऱ्या विवाहाला त्याने केलेला विरोध, ८१५ नंतरच्या प्रतिमाभंजनाच्या लाटेत सोसलेली हद्दपारी व फटके, मठाची शिस्त, हे सर्व त्याच्याच शब्दांत वाचता येते. सायकिऑनच्या थिओडोरचे (मृत्यू ६१३) चरित्र त्याच्या शिष्याने लिहिले. सातव्या शतकारंभीच्या गॅलेशियातील खेड्यांचे जिणे जाणून घ्यायला त्याच्या तोडीचे साधन क्वचितच सापडते. थिओडोर ग्राप्तोस : सम्राट थिओफिलोसने याच्या व याच्या भावाच्या चेहऱ्यावर बारा ओळींचे पद्य गोंदवले.

मोप्सुएस्टियाचा थिओडोर (मृत्यू ४२८) याला ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने धिक्कारले. पर्शियातील पूर्वेच्या चर्चने मात्र त्याला शास्त्राचा श्रेष्ठ भाष्यकार मानले. सहाव्या शतकातील व्यापारी कोझ्मास इंडिकोप्लेउस्टिस याची विश्वरचनेची कल्पना याच परंपरेतली. पर्शियात दीक्षित झालेला बिशप कॅलियाना येथे असल्याचे तो नोंदवतो आणि हे कॅलियाना म्हणजे आपले कल्याण, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

इतर थिओडोर : निकियाचे सम्राट पहिला (१२०५–२१) व दुसरा (१२५४–५८) थिओडोर लास्कारिस. थिओडोर मेटोखाइटिस (१२७०–१३३२) : मंत्री व विद्वान, कॉन्स्टँटिनोपलमधील खोरा चर्चचा जीर्णोद्धारक.