वाटणीत न आलेली वाकळ

आमच्या घराची वाटणी २००९ साली झाली. वकिली हा आमचा व्यवसाय असल्यामुळे वाटणीपत्राचा मसुदा आमच्याच हातून उतरला. जमिनीचे सर्व्हे नंबर, घराच्या चतुःसीमा, तांब्यापितळेची भांडी, देवघरातील टाक, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सारे त्यात क्रमवार आले. माळ्यावरच्या ट्रंकेत आमच्या आजीने अर्धवट सोडलेली एक वाकळ होती. तिची नोंद मात्र कोणत्याच परिशिष्टात झाली नाही. तिची किंमत कोणी केली नाही आणि तिच्यावर हक्कही कोणी सांगितला नाही. गेल्या चातुर्मासात ती वाकळ अखेर पुरी झाली. त्या निमित्ताने जे पाहण्यात व वाचनात आले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

वाटणीच्या प्रकरणात धर्मशास्त्रकारांनी वस्त्रांचा विचार केलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात न वाटण्याजोग्या वस्तूंची जी गणना येते तिच्यात पहिले नाव वस्त्राचे आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने रचलेली मिताक्षरा या वचनाचा अर्थ असा लावते: ज्याने जे वस्त्र वापरले ते त्याचेच, पित्याची वापरलेली वस्त्रे त्याच्या पश्चात पुत्रांनी वाटून घ्यायची नाहीत, ती त्याच्या श्राद्धाला जेवणाऱ्यास द्यायची. नवी वस्त्रे तेवढी वाटणीस पात्र. शास्त्राने पित्याच्या वस्त्रांची व्यवस्था लावली. आजीपणजीच्या जुनेराचे काय करावे, हे घरातील स्त्रियांनी आपल्या बुद्धीने ठरविले. त्यांनी त्याची वाकळ केली.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. विरक्ताची कंथा ती हीच. बौद्ध भिक्षूंनी टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर शिवावे असा प्रघात होता, आणि मगधातील बांध घातलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला चीवराचे तुकडे तसे जोडावयास सांगितले, अशी कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. घरोघरच्या वाकळीचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवला नाही. वापरून विरलेली वाकळ पुन्हा नव्या वाकळीच्या पोटात जाते. त्यामुळे फार जुना नमुना सहसा हाती लागत नाही.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुष्कळ अंशी पोर्तुगीजांच्या गोव्यातून सह्याद्रीच्या रानात निसटलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या घरातील बोली कोंकणीला जवळची आहे. २००३ साली त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या स्त्रियांच्या वाकळा आज दूरदेशीच्या प्रदर्शनांत मांडल्या जातात. काठापासून आरंभ करून धावदोऱ्याने त्या मध्याकडे शिवत येतात. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या रंगीत तुकड्यांची फुले लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली असे मानीत नाहीत. वाकळीचे पोट रिकामे राहू नये म्हणून मध्य मिटविण्यापूर्वी काहीजणी तेथे तांदळाचे दाणे ठेवतात.

आमच्या आजीची वाकळही काठाकडून मध्याकडे आलेली होती. तिने ती १९६२ च्या सुमारास घातली, असे आमच्या आत्या सांगतात. काठाशी पणजीच्या शहापुरी लुगड्यांचे तुकडे आहेत. शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होते. त्याला लागून इलकलचे लुगडे येते, आणि अंगाचा व पदराचा ताणा फासे घालून जोडण्याची इलकलची रीत त्या तुकड्यात बोटाला लागते. गुळेदगुड्डच्या खणांचे त्रिकोण आहेत. मग पणजोबांची जाड खादी. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सुताची अट मान्य झाली; आमच्या घरात खादी आली ती त्या वर्षानंतर. पुढे भुरकट, खरबरीत असा एक पट्टा लागतो. तो महायुद्धातील टंचाईचा. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा माणसे मिळेल ते कापड अंगावर घालीत. त्याच्या आत गिरणीच्या फुलाफुलांच्या वायली. एवढ्यावर वाकळ थांबते. मध्ये दीड हाताचा चौकोन रिकामा.

ती का थांबली, याचे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस आजीच्या दृष्टिमांद्यात शोधीत होतो. खरे कारण आत्यांनी सांगितले. घरात नायलॉन आणि टेरिलीन आले. ते कापड लवकर विरत नाही, म्हणून जुनेर होईना. सुईखाली निसटते, घाम टिपीत नाही, आणि चुलीची ठिणगी उडाली तर वितळून भोक पडते. आजीने तसला एक तुकडा लावून पाहिला व उसवून टाकला. पुढे १९८८ साली ती वारली. आईने कितीदा तरी वाकळ काढली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवली.

चौकोन भरण्यास सुती जुनेर हवे होते. आमच्या बाजूच्या घरात ते उरले नव्हते. भिंतीपलीकडे काकूंकडे होते. परंतु विहिरीच्या पाळीवरून दोन्ही घरांत बोलणे बंद होऊन नऊ वर्षे लोटली होती, आणि ज्या कलमावरून तंटा झाला ते आम्हीच लिहिलेले होते. एका सकाळी वाकळ काखेत घेऊन आम्ही त्यांच्या ओटीवर गेलो. काकूंनी ती उलगडली, खादीच्या पट्ट्यावरून हात फिरविला आणि विचारले, "वाटणीपत्रात हिचं नाव आहे का रे?"

"नाही काकू."

"मग ही दोन्ही घरांची," असे म्हणून त्या आत गेल्या आणि काकांचे धोतर व आपले एक विरलेले लुगडे घेऊन आल्या.

पुढचे तीन आठवडे दुपारी काकू, आत्या आणि आई एकाच ओटीवर टाके घालीत होत्या. पाण्याच्या पाळीचा विषय त्यांच्यात निघाला तो सुई ओवता ओवता, आणि तेथेच मिटला. ते कलम आम्ही बदलून लिहिले. शेवटचा तुकडा बसविण्यापूर्वी आम्ही त्यांना सिद्दी स्त्रियांची रीत सांगितली. काकूंनी देवघरातून अक्षतांचे पाच दाणे आणून मध्ये ठेवले आणि आईने टाका घातला.

तीस वर्षांच्या वकिलीतही न शिकता यावे असे काही आम्ही त्या ओटीवर शिकलो. वाटणीने प्रत्येकाचे काय ते ठरते. सर्वांचे काय ते ठरत नाही, आणि ते ठरविण्याचे काम मागे राहून जाते. वाकळ सध्या काकूंच्या नव्या पणतूच्या अंगावर आहे. थंडी सरली की ती इकडे येईल. तिची नोंद आम्ही अद्याप कोठेही केलेली नाही.