मृत ताऱ्यांचे ठोके

श्रोतेहो, तारे जन्मतात, तेजानें तळपतात आणि अखेर विझतात, हें आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. परंतु विझलेल्या ताऱ्याचें पुढें काय होतें, ह्या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकांत आधीं कागदावर सांपडलें आणि मग आकाशांत. त्या शोधाच्या इतिहासांत आपल्या महाराष्ट्राचाहि वांटा आहे. तो आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

३१ जुलै १९३० रोजीं मुंबई बंदरांतून एक आगबोट युरोपकडे निघाली. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा एकोणीस वर्षांचा तरुण तींतून केंब्रिजला शिकावयास चालला होता. प्रवासांत त्यानें एक गणित मांडलें. इंधन संपलेला तारा स्वतःच्या भारानें आकसूं लागला, तर आंतील इलेक्ट्रॉनांचा दाब त्यास सांवरील काय? गणिताचें उत्तर असें कीं, एका मर्यादेपर्यंत सांवरील, त्यापलीकडे नाहीं. ही मर्यादा आज सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारें १.४ पट मानिली जाते. १९३५ सालीं एडिंग्टनसारख्या थोर पंडितानें लंडनच्या सभेंत ह्या निष्कर्षाची थट्टा केली. गणित मात्र टिकलें, आणि १९८३ सालीं चंद्रशेखरांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मग मर्यादा ओलांडणाऱ्या ताऱ्याची गति काय? १९३२ सालीं चॅडविकनें न्यूट्रॉन हा विद्युद्भाररहित कण शोधून काढला. लागलीच १९३४ सालीं बाडे आणि झ्विकी ह्यांनीं सुचविलें कीं, प्रचंड स्फोट होऊन तारा मरतो तेव्हां त्याचा गाभा दडपला जाऊन न्यूट्रॉनांचा घट्ट गोळा उरत असावा. १९३९ सालीं ओपेनहायमर व व्होल्कोव्ह ह्यांनीं त्याचें गणित केलें. परंतु असा लहानसा गोळा दिसणार कसा? कल्पना कागदावरच राहिली.

ती किती विलक्षण होती तें पहा. सूर्याहून अधिक वस्तुमान, आणि व्यास अवघा वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे अंधेरीपासून आमच्या भाईंदरपर्यंतच्या लोहमार्गाएवढा! भाईंदरच्या मिठागरांतील मिलिमीटरभर लांबी-रुंदीचा मिठाचा खडा डोळ्यांपुढें आणा. तेवढ्या आकाराच्या न्यूट्रॉन-द्रव्याचें वजन पृथ्वीवर कांहीं लाख टन भरेल. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दहा हजार कोटी पटींहून अधिक आहे. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तु खालीं आदळतांना तिचा वेग सेकंदास सुमारें २००० किलोमीटर झालेला असेल. चुंबकत्वहि पृथ्वीच्या लक्षावधि कोटी पट असूं शकतें. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवितांना दोरी आंखूड केली म्हणजे तो अधिक वेगानें फिरतो. त्याच न्यायानें आकसलेला तारा सेकंदांत अनेक गिरक्या घेऊं लागतो, आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा लहरींचा झोत दीपगृहाच्या दिव्याप्रमाणें फिरत राहतो.

१९६७ सालीं केंब्रिजमध्यें जोसलिन बेल ही विद्यार्थिनी रेडिओ-दुर्बिणीचे कागदी आलेख तपासीत होती. त्यांत तिला एक बारीकसा अनोळखी डाग वारंवार आढळला. अधिक वेगानें आलेख घेतां दर १.३३७ सेकंदांनीं एक ठोका, असा बिनचूक क्रम दिसला. पुढील वर्षीं वृषभ राशींतील क्रॅब तेजोमेघांत सेकंदाला तीस फेऱ्या घेणारा स्पंदक सांपडला. १०५४ सालीं चिनी ज्योतिषांनीं नोंदविलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचाच तो अवशेष! बाडे-झ्विकींचें अनुमान खरें ठरलें. १९७४ चें नोबेल पारितोषिक मात्र बेलच्या गुरूंस मिळालें. जिच्या नजरेनें तो डाग सोडला नाहीं, ती वगळली गेली.

इकडे १९६५ सालीं गोविंद स्वरूप ह्यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे कल्याणजवळ, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या बत्तीस लहान तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभारून सूर्याचा अभ्यास आरंभिला. भारतांतील ह्या शास्त्राचा हा श्रीगणेशाच होय. १९८२ सालीं कुरुंदवाड येथें जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी, डोनाल्ड बेकर प्रभृतींनीं अमेरिकेंत सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक शोधिला. पुढें स्वरूप ह्यांच्याच योजनेनें जुन्नर तालुक्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण झाली. भरीव पत्र्याऐवजीं बारीक तारांची जाळी ताणल्यामुळें वाऱ्याचा जोर कमी लागतो, खर्चहि वांचतो. २००४ सालीं ह्या दुर्बिणीस आपला पहिला स्पंदक गवसला. २०२३ सालीं मंदगति गुरुत्वलहरींचा जो पुरावा जाहीर झाला, त्यांत स्पंदकांना घड्याळें मानून केलेलीं येथील निरीक्षणेंहि होतीं.

परंतु ह्या ठोक्यांपुढें आज एक संकट आहे. ते अत्यंत क्षीण असतात. मोबाईल, विजेच्या तारा, यंत्रें ह्यांच्या गोंगाटांत ते बुडून जातात. म्हणून खोडदभोंवतीं रेडिओ-शांतता राखावी लागते, आणि नियोजित पुणें-नाशिक लोहमार्गाच्या आखणीसहि ह्याच कारणानें हरकत आली. रेल्वे हवी, कारखाने हवेत, ही तेथील लोकांची मागणी रास्त आहे. परंतु मार्ग दुसरीकडून नेतां येतो. एकदां गमावलेली शांतता परत आणणें फार कठीण. ज्यांच्या शेतांशेजारीं ही दुर्बीण आहे, त्यांस तिचें मोल समजावून सांगणें व त्यांच्या सोयीची दुसरी वाट शोधणें, हीं दोन्ही कर्तव्यें आपलींच आहेत.

शेवटीं गृहिणींसाठीं एक गोष्ट. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी टिपल्या गेल्या, आणि अशा टकरींत सोन्यासारखीं जड मूलद्रव्यें घडतात ह्यास पुष्टि मिळाली. तेव्हां गळ्यांतील मंगळसूत्राचें कांहीं सोनें मृत ताऱ्यांच्या मीलनांतून आलेलें असूं शकतें. अशा लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ सालीं मान्यता मिळाली आहे. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेला विचार असा मराठवाड्याच्या माळावर येऊन पोंचत आहे. तेथें कान देऊन बसणारीं मुलें आपल्या घरांतून निघोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.