चौथाई ते सातबारा

मी मराठी मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. त्यात प्रत्येक शब्दावर त्याची जात लिहावी लागते: नाम, विशेषण, क्रियापद. सगळ्यात जास्त वाद होतात ते आकड्यांवरून. शाळेत संख्या विशेषणाच्या धड्यात शिकवतात, आणि ‘पाच पोती’ म्हटलं तर ते बरोबरच आहे. पण ‘पाचांत वाटून घ्या’ म्हटलं की त्याच पाचाला विभक्ती लागते, तो नाम होतो. इंग्रजीतला ‘फाइव्ह’ही असाच दोन्हीकडे फिरतो.

या फिरण्याचा इतिहास मात्र आपल्याकडे जास्त रंगतदार आहे. ‘चौथा’ हे साधं क्रमवाचक विशेषण. चौथा हिस्सा. कशाचा, ते सांगावं लागतं. ‘चौथ’ म्हटलं की तो प्रश्नच मिटतो. रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगीजांकडून चौथ घ्यायचा, म्हणून त्याचं नावच ‘चौथिया’ पडलं. आकड्याचा थेट माणूस झाला! 1672 मध्ये शिवाजी महाराजांनी रामनगर घेतलं आणि तीच चौथ पोर्तुगीजांकडे मागितली. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद घेऊन आले. त्या सहांत वऱ्हाड होतं, म्हणजे उमरखेडजवळचं माझं ढाणकीही. महसुलाचा चौथा हिस्सा, वर सरदेशमुखीचे शेकडा 10. चौथाईच्या वाटणीतून आणखी नामं निघाली: पंत सचिवांचे शेकडा 6 म्हणजे ‘साहोत्रा’. त्यातला सहा कानाला लगेच ऐकूही येत नाही. देणाऱ्याला मात्र हिशेब तोंडपाठ असणार.

आज ढाणकीत चौथाई कोणाला आठवत नाही. आज तिथला सगळ्यात वजनदार आकडा म्हणजे सातबारा. गाव नमुना सात जमिनीच्या हक्काचा, नमुना बारा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि फॉर्मच्या नंबरांचं पुल्लिंगी नाम झालं. पुरावा व्याकरणातच आहे. घड्याळाचा काटा ‘बारावर’ येतो, पण कर्ज ‘सातबाऱ्यावर’ चढतं. नुसत्या बाराचा ‘बाऱ्या’ कधी होत नाही. आमच्या सॉफ्टवेअरनं या शब्दाचे दोन आकडे केले होते, मी त्याला नाम केलं.

कशाचे सात, कशाचे बारा, असं गावात कोणी विचारत नाही. पेरणीच्या तोंडावर बँकेत एवढंच विचारतात: सातबाऱ्यावर बोजा किती?