कांदा आला, कांदे चिरले

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कांद्याच्या दिवसांत ट्रॉल्यांची रांग लागते, ढिगावर ढीग पडतात, तरी विचारणारा विचारतो, ‘आज कांदा किती आला?’ कांदा एकवचनातच येतो, वधारतो, कोसळतो. तोच माणूस घरी गेल्यावर दोन कांदे चिरायला सांगतो. इंग्रजीतल्या गणनीय-अगणनीय नामांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत मला या दोन वाक्यांनीच करायचे आहे. ज्या भेदाची त्याला धास्ती वाटते, तो त्याच्या तोंडात रोज असतो.

आपले शालेय व्याकरण पाणी, सोने, साखर यांना सामान्यनामांतच धरते. म्हणून हा भेद मुलांना भेटतो तो इंग्रजीच्या तासाला, ‘या शब्दांना एस लावू नये’ अशा यादीच्या रूपात. मला या याद्यांचे वाईट वाटते. पाठ करायला लावून त्यांनी एका सुंदर विषयाचे दार बंद केले आहे.

जे मोजता येत नाही ते अगणनीय, ही व्याख्या पुरत नाही. ज्वारी आपण ‘पाखडली’ म्हणतो, मोहरी ‘तडतडली’. पण तांदूळ ‘निवडले’ आणि तीळ ‘भाजले’. दाण्याच्या आकारावर हे ठरत असते, तर तिळाच्या आधी ज्वारीला अनेकवचन मिळाले असते. इंग्रजीतही व्हीट एकवचनी, ओट्स अनेकवचनी. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात याच जोडीवर बोट ठेवले. त्याआधी १९२४ मध्ये ऑटो येस्पर्सन यांनी ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये अशा नामांची ‘मास-वर्ड’ म्हणून चर्चा केली होती. मी त्यांना राशीचे शब्द म्हणतो; खळ्यावरची रास ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळी व्याख्या लागत नाही. वाटाण्याची कथा तर फारच लोभस आहे. काही शतकांपूर्वी इंग्रजीत ‘पीज’ हा राशीचाच शब्द होता. त्याचा शेवटचा ध्वनी अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटला, म्हणून लोकांनी तो सोडवून ‘पी’ हे एकवचन घडवले. शेंगेतला वाटाणा होता तसाच राहिला.

पैसे तर आडतीवर मोजूनच घेतो, मग मनी अगणनीय कसा? हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी द्यावी. मोजतो त्या नोटा, मोजतो ते रुपये. ‘मनी’ या शब्दापुढे आकडा बसत नाही.

पाय अडखळतो तो दोन भाषांच्या राशी जुळत नाहीत तिथे. आपले केस ‘पांढरे झाले’, इंग्रजी हेअर राशीत. बातम्या आणि सल्ले आपण मोजतो. स्पॅनिश बोलणाराही ‘नोतिसिया’ आणि ‘कोन्सेखो’ एकेक मोजतो, म्हणून न्यूज आणि ॲडव्हाइसपाशी तोही आपल्यासारखाच चुकतो. त्याच्याकडे प्रत्येक मेज, प्रत्येक खुर्ची हा एक ‘मुएब्ले’ असतो. आपण मात्र फर्निचर हा शब्द घेतानाच त्याची रासही घेतली. ‘माहित्या’ असेही मराठीत कोणी म्हणत नाही. मग वहीत ‘इन्फर्मेशन्स’ कुठून येते? बहुधा नवा शिकलेला एस सगळीकडे लावून पाहण्यातून; त्यात मराठीचा दोष नाही.

राशीतून एक उचलायचा कसा, हा प्रश्न उरतो. गाडीत सामान चढवताना आपल्याकडे ‘किती नग?’ असे विचारतात. सामान एकच, नग चार. इंग्रजीतला पीस हेच काम करतो, आणि तो सल्ल्यालाही चालतो, जिथे आपला नग चालत नाही. साबणाची आपल्याकडे वडी, त्यांच्याकडे बार. गुळाची ढेप, लसणाची पाकळी, धान्याचा कट्टा, कोथिंबिरीची जुडी: मोंढ्यातून आणि बाजारातून फिरताना कानावर पडणारी अशी मापे वहीत उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकासमोर इंग्रजी शब्द शोधावा. सुरुवात जुडीपासून करा, बंच लगेच सापडेल. ढेपेला मात्र वेळ लागेल.