फॅन

नट असो वा क्रिकेटपटू, ‘मी त्याचा फॅन आहे’ असं आपण सहज म्हणतो. हा शब्द रुळला तो १८८०च्या दशकात, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानांवर. तोवर बेसबॉलच्या नादी लागलेल्यांना तिथे ‘क्रँक’, म्हणजे विक्षिप्त म्हणत. इंग्लंडात मुष्टियुद्धाच्या शौकिनांना ‘फॅन्सी’ म्हणत, त्यावरून ‘फॅन’ आला असंही काही जण मानतात. बहुतेक कोशकारांचा कौल मात्र ‘फॅनॅटिक’ला आहे.

या ‘फॅनॅटिक’चं मूळ लॅटिन. ‘फानुम’ म्हणजे देऊळ आणि ‘फानाटिकुस’ म्हणजे देवळाशी जोडलेला, दैवी संचार झालेला. आपल्या भाषेत, अंगात आलेला.

शिकागो कब्ज या अमेरिकी बेसबॉल संघाच्या चाहत्यांकडे पाहिलं की हा अर्थ पटतो. १९०८ साली जिंकलेली ‘वर्ल्ड सिरीज’ ही बेसबॉलची अजिंक्यपद मालिका या संघाने पुन्हा जिंकली ती थेट २०१६मध्ये, १०८ वर्षांनी. मधल्या काळात पिढ्या सरल्या, तरी घराण्याचं कुलदैवत जपावं तसा हा संघ बापाकडून लेकराकडे येत राहिला. विजयानंतर लोकांनी रिग्ली फील्ड या संघाच्या मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावं लिहिली. त्यांत हा दिवस न पाहताच गेलेल्या आईवडिलांची, आजीआजोबांचीही होती.

आपल्या ‘भक्त’ शब्दाचा धातू ‘भज्’. त्याचा एक अर्थ वाटून घेणं, वाटेकरी होणं. हरणाऱ्या संघाच्या दुःखात वर्षानुवर्षं वाटेकरी होणारा माणूस खऱ्या अर्थाने भक्तच आहे. ज्याला फक्त विजयात वाटा हवा, तो निव्वळ प्रेक्षक.