डॉल्बी चंदीगडला होता

आमच्याकडे ‘डॉल्बी’ ही एक वस्तू आहे. कराड, सांगली, कोल्हापूर, कुठेही विचारा. वरातीत ‘डॉल्बी आला’ म्हणजे काळ्या पेट्यांची भिंत रचलेला पिकअप आला. दर भाद्रपदात ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ असे फलक लागतात, तेव्हाही त्याचा अर्थ तोच असतो. डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. त्या माणसाचं सगळं नाव आवाज कमी करण्यावर झालं, हे त्याहून उशिरा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, कर्ज काढून जुना बोलेरो पिकअप घेतला. त्यावर सिस्टीम बसवायची होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला घरात मी एकटाच, त्यामुळे वायरिंग आणि ट्यूनिंग माझ्याकडे आलं. आवाज बरोबर आहे की नाही हे मात्र नेहमीसारखं आप्पा ठरवणार होते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. दादाचे वडील. पंचक्रोशीत स्पीकरवाले म्हणून त्यांना सगळे ओळखतात.

कर्ण्याचे दिवस

आप्पांनी धंदा सुरू केला तेव्हा सगळी सिस्टीम एका बैलगाडीत मावायची. दोन कर्णे, एक अँप्लिफायर (त्याला सगळे ‘मशीन’ म्हणायचे), एक माइक आणि वीज नसेल तिथे बॅटरी. लग्न, बारसं, निवडणुकीचा प्रचार, सगळं त्यावर. आप्पा सांगतात, झाडाला कर्णा बांधला की पलीकडच्या वाडीतल्या लोकांना कळायचं, लग्न लागायला किती वेळ आहे ते.

यात अतिशयोक्ती नाही. कर्णा हे फार कार्यक्षम यंत्र आहे. थोड्या वॅटमध्ये तो माणसाचा आवाज लांब फेकतो, कारण बोलण्यातले शब्द ज्या मधल्या पट्टीत असतात तिथेच तो जोरात चालतो. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी कॅलिफोर्नियात १९१५ साली असाच कर्णा लावून सॅन फ्रान्सिस्कोच्या गर्दीला आवाज ऐकवला. १९१९ साली त्यांच्या यंत्रावर राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये हजारो लोकांपुढे बोलले. आपल्याकडच्या स्वातंत्र्यकाळातल्या सभांचे फोटो नीट बघा, नेत्यांच्या तोंडापुढच्या माइकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. नाव शिकागो, कंपनी मात्र इथली, मोटवाने कुटुंबाची. कर्ण्याने भारतात आधी भाषण पोचवलं, गाणं नंतर.

कर्ण्याला एक गोष्ट जमत नाही. ढोलाचा खर्ज. खालचे सूर काढायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, त्याला मोठा पडदा लागतो आणि भरपूर वीज लागते. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली कागदी शंकूच्या स्पीकरची रचना मांडली. चुंबकात फिरणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला शंकू. आज आपल्या पिकअपवरचा अठरा इंची बेस असो की मोबाइलमधला दाण्याएवढा स्पीकर, तत्त्व तेच आहे.

चाकांवरचा आवाज

गाडीवर सिस्टीम चढवून मिरवणूक काढायची कल्पना आपलीच आहे, असं मला लहानपणी वाटायचं. मग ब्राझीलची गोष्ट वाचली. साल्वादोर शहरात दोदो आणि ओस्मार नावाचे दोन मित्र होते. दोदो रेडिओचं काम जाणणारा, ओस्मार वर्कशॉपवाला. १९५० च्या कार्निव्हलला त्यांनी १९२९ सालच्या जुन्या फोर्डवर स्पीकर लावले, स्वतः बनवलेली विजेवरची तंतुवाद्यं घेतली आणि रस्त्यावर वाजवत निघाले. मागे गर्दी लोटली. पुढच्या वर्षी तिसरा वादक आला, फोर्डच्या जागी पिकअप आला आणि ‘त्रिओ एलेत्रिको’ हे नाव पडलं. आज तिथे त्याच नावाचे अजस्र ट्रक निघतात.

त्याच सुमारास जमैकात, किंग्स्टनच्या गल्ल्यांमध्ये, नाचाच्या कार्यक्रमांना साउंड सिस्टीम जात होत्या. ड्यूक रीड नावाचा माजी पोलीस आपली सिस्टीम ‘ट्रोजन’ नावाच्या ट्रकमधून न्यायचा. ट्रक आला की लोक ‘ट्रोजन आला’ असं ओरडायचे, आणि पुढे एका रेकॉर्ड कंपनीला तेच नाव मिळालं. तिथे ट्रकचं नाव सिस्टीमला चिकटलं, आपल्याकडे एका शास्त्रज्ञाचं.

या दोन्ही ठिकाणी वाजवणारी माणसं गरीब वस्तीतली होती. ज्यांना हॉलचं तिकीट परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी रस्त्यावरच हॉल आला. आमच्या गावातही डॉल्बीपुढे नाचणारी पोरं तीच आहेत. वर्षभर वीटभट्टीवर, ऊसतोडीला, कुठे कुठे ड्रायव्हर. म्हणून ‘हा सगळा धांगडधिंगा आहे’ असं पुण्या-मुंबईतल्या एखाद्या बाल्कनीतून म्हटलेलं मला झोंबतं. पण त्या बाल्कनीतल्या माणसाचा कानही कानच असतो, हे मला नंतर कळलं.

शेल, शंकू आणि खोकी

पिकअपचं काम आम्ही अंगणात केलं. आधी खोकी. प्लायवूडची पेटी किती मोठी हवी, तिला भोक किती व्यासाचं, नळी किती लांब, हे पूर्वी अंदाजाने चालायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली त्याचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पूर्ण केलं. स्पीकरच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. आमच्या सुताराला ही नावं माहीत नाहीत. तो चालणारी पेटी बघतो, टेप लावतो आणि तशीच बनवतो. मी मोबाइलवर हिशेब करून बघितला. पेटीचं माप बरोबर निघालं, नळी फक्त थोडी आखूड होती.

मग जोडणी. आठ बेस होते. त्यातल्या एकाची जरी वायर उलटी लागली तरी त्याचा शंकू बाकीचे पुढे येताना मागे जातो, आणि खर्ज वाढण्याऐवजी खातो. ते तपासायची आप्पांची पद्धत साधी होती. टॉर्चचा दीड व्होल्टचा शेल घ्यायचा, वायरला क्षणभर टेकवायचा. शंकू पुढे आला तर बरोबर, मागे गेला तर उलटा. हे त्यांनी मला मी सातवीत असताना शिकवलं होतं. पुढे डिप्लोमात ध्रुवता हा शब्द शिकलो, तेव्हा मला आप्पांचा शेल आठवला.

गाडीच्या बारा व्होल्टवर एवढं चालत नाही, म्हणून मागे डिझेल जनरेटर. पहिल्यांदा चालू केलं तर सगळ्या पेट्यांतून गुं-गुं यायला लागली. पन्नास हर्ट्‌झ, विजेचीच गुणगुण. अर्थिंग दोन ठिकाणी झालं होतं. ते सोडवण्यात एक आख्खी दुपार गेली. मग क्रॉसओव्हर लावला. शंभर हर्ट्‌झच्या खालचं बेसला, त्याच्या वरचं मिडला, आणि सगळ्यात बारीक ते टॉपला.

संध्याकाळी गाणं लावलं. दादा खूश. शेजारची पोरं जमली. आप्पा वीस पावलांवर खुर्ची टाकून बसले, डोळे मिटून, दरवेळी बसतात तसे.

“टाप कमी हाय,” ते म्हणाले. “वाढीव जरा.”

मी वाढवला.

“आजून.”

मी परत वाढवला. माझ्या कानात सुया टोचत होत्या. जवळ उभ्या पोरांपैकी एकाने कानात बोट घातलं.

“आजून थोडं,” आप्पा म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आप्पांना बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. आणि गेली कित्येक वर्षं आमची प्रत्येक सिस्टीम त्यांच्याच कानाने लागली होती. त्यांचा कान जेवढा गेला, तेवढा आम्ही टॉप वाढवत गेलो. तो सगळा आवाज समोरच्या पोरांनी घेतला होता. त्यात मीही होतो.

मी त्यांना तालुक्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कागदावर आलेख आला. खालचे सूर ठीक, चार हजार हर्ट्‌झपाशी रेघ खोल खड्ड्यात. सततच्या मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण असते. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं त्यांना आता अंदाजाने कळतात. घरात आम्हाला वाटायचं, आप्पा लक्ष देत नाहीत.

मीटरला न दिसणारा खर्ज

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. त्या याचिकेमागे एका १३ वर्षांच्या मुलीची बातमी होती. तिच्यावर अत्याचार होत असताना शेजारी लाउडस्पीकर इतका जोरात होता की तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याला सक्तीने ऐकवण्याचा नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

या निकालाचा धसका आमच्या धंद्यात प्रत्येकाला आहे. त्या मुलीबद्दल मात्र कधी कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मोजताना कळली. नियमातले डेसिबल ‘ए’ वजनाचे असतात, म्हणजे माणसाच्या कानाला जसं कमी-जास्त ऐकू येतं तसं मीटर मोजतो. या पद्धतीत पन्नास हर्ट्‌झचा खर्ज सुमारे तीस डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे छाती धडधडते, खिडकीची काच थरथरते, भिंतीपलीकडचं तान्हं बाळ दचकतं, आणि मीटरचा काटा त्या मानाने शांत असतो. आणि उलटही खरं आहे. आवाज दुप्पट मोठा ‘वाटायला’ दहापट वॅट लागतात. शेजारच्या गावच्या डॉल्बीपेक्षा वरचढ व्हायचं तर पेट्या कुठपर्यंत वाढवायच्या, याला शेवट नाही. हप्ते मात्र वाढतात.

तो माणूस

आता डॉल्बीकडे येतो. रे डॉल्बी, जन्म १९३३, अमेरिकेतलं पोर्टलंड. विद्यार्थी असतानाच त्याने अँपेक्स कंपनीत पहिल्या व्हिडिओ टेप रेकॉर्डरवर काम केलं, मग केंब्रिजला डॉक्टरेट. १९६३ साली तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात आला. दोन वर्षं इथे होता, चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेत. इथे असताना टेपमागच्या त्या ‘सूं’ आवाजाचं काय करायचं, हे त्याच्या डोक्यात आकार घेत गेलं. १९६५ साली लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली.

युक्ती सोपी होती. गाण्यातला हळू भाग टेपवर भरताना मुद्दाम मोठा करून भरायचा आणि वाजवताना तेवढाच खाली आणायचा. गाणं मूळ जागी येतं, आणि मधे टेपने घातलेली सूं त्याच्याबरोबर खाली दबते. मोठा भाग तसाच सोडायचा, कारण तिथे सूं आपोआप झाकली जाते. म्हणजे या माणसाचं हे काम हळू आवाज वाचवण्यासाठी होतं.

पुढे ती खूण कॅसेट प्लेअरच्या बटणावर आली, मग सिनेमाच्या जाहिरातींत. थिएटरमध्ये ‘डॉल्बी’ लिहिलेलं असलं की खुर्ची हलणार, हे लोकांना ठाऊक झालं. तिथून ते नाव पिकअपवर चढलं असावं, असा माझा अंदाज आहे.

पासवर्ड

मी टॉप खाली आणला आणि प्रोसेसरमध्ये लिमिटर लावला. ठरावीक पातळीच्या वर आवाज जाणार नाही, आणि पासवर्ड माझ्याकडे. दादा कुरकुरला, पण आप्पांचा आलेख त्यानेही बघितला होता. पहिल्या दोन लग्नांत कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या ठिकाणी पाहुणे म्हणाले, आवाज बसलाय. मग एक सुपारी हातची गेली. मग दुसरी.

मागच्या विसर्जनाला रात्री साडेआठला दादाचा फोन आला. त्याच्या मागून फक्त धप्-धप् ऐकू येत होतं. समोर दुसऱ्या मंडळाची गाडी उभी होती. “पासवर्ड सांग,” तो म्हणाला. “फक्त आजच्या दिवस. हप्ता थकलाय, तुला माहिताय.”

मी सांगितला.

नंतर मीही तिथे गेलो, दीड तास गाडीपाशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओसरीवर चहा घेत होते. त्यांनी विचारलं, “काल आवाज कसा हुता रं?”

माझ्या कानात रात्रीपासून बारीक सूं वाजत होती. मी म्हणालो, चांगला होता. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी जवळ जाऊन, मोठ्याने, तेच पुन्हा सांगितलं.

सूं दुपारपर्यंत थांबली. संध्याकाळी मी दादाला न विचारता पासवर्ड बदलला. नवीन हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. तेव्हा परत फोन येईल.