तेरेखोलपलीकडचा परदेश : एका यात्रेच्या खर्चाचा इतिहास

परदेशप्रवासाचा खर्च म्हटला कीं सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढें आगबोटीचें तिकीट, विलायतेंतील भाड्याची खोली आणि पौंड-शिलिंगांचा हिशेब उभा राहतो. मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र परदेश गांठण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नसे. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस तेरेखोलची खाडी आहे. तिच्यापलीकडे पाऊल ठेवलें कीं राजा निराळा, कायदा निराळा, शिपायाचा गणवेष निराळा आणि खिशांतल्या नाण्याचें नांवही निराळें! माणसें मात्र ओळखीचीं. दैवतें तींच आणि पुष्कळदां आडनांवेंही तींच. या परदेशीं जाऊन येण्यास किती पैसे लागतील, हा प्रश्न जवळजवळ पावणेदोनशें वर्षें इकडच्या घराघरांत विचारला गेला. आणि त्याचें उत्तर कोसांपेक्षां तहनाम्यांवरून अधिक ठरत गेलें.

पेडणें महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. तो १७८८ सालीं पोर्तुगीजांकडे गेला, आणि पोर्तुगीज मुलखाची हद्द तेरेखोलला येऊन भिडली. खाडीच्या उत्तर तीरावरील तेरेखोलचा किल्ला तर १७४६ सालींच त्यांच्या हातीं पडला होता. पुढें १८१२ मध्यें कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लें इंग्रजांना मिळालें. मधला मुलूख वाडी संस्थानाकडे राहिला. त्यामुळें मालवणहून सावंतवाडी-बांद्यावरून पायवाटेनें निघालेला यात्रेकरू इंग्रज, भोसले आणि पोर्तुगीज अशा तीन सत्तांच्या हद्दींतून जात असे.

तरीही लोक जात, कारण जाणें टाळतां येण्यासारखें नव्हतें. मालवण-वेंगुर्ल्याकडील अनेक सारस्वत कुळांचीं कुलदैवतें फोंडें महालांत आहेत. मंगेशीचा मंगेश, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, बांदिवड्याचे नागेश व रामनाथ यांचीं नांवें घराघरांत घेतलीं जातात. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं देवळें पाडण्यास आरंभ केला, तेव्हां सासष्टीकडील मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा आदि दैवतें भक्तांनीं खाडीपार अंत्रुजांत हलविलीं. कवळ्याचें सध्यांचें देऊळ उभारण्यांत शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांचा पुढाकार होता. आणि हे नारो राम वेंगुर्ल्याजवळच्या कोचरें गांवचे. मुंज, लग्न किंवा फेडावयाचा नवस असला म्हणजे देवीच्या पायांशीं जाणें हें कर्तव्यच असे. अशा प्रवासाचें अंदाजपत्रक चैनीच्या प्रवासासारखें नसतें. त्यांत ‘जावें कीं न जावें’ हें कलम नसून ‘कसें भागवावें’ एवढेंच कलम असतें.

या अंदाजपत्रकाची पहिली बाब म्हणजे तर. किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणाऱ्याला कर्लीची खाडी, मग तेरेखोल, मग कोलवाळची नदी आणि शेवटीं बेतीहून पणजीस उतरतांना मांडवी अशीं चार मोठीं पाणीं लागत. जातां-येतां हीं आठ होत. सहा माणसांचें कुटुंब असेल तर तरवाल्याच्या हातावर अठ्ठेचाळीस वेळां पैसा ठेवावयाचा! रक्कम लहान, पण ती मोडीच्या रूपानेंच जवळ हवी. तरीवर रुपया मोडून कोण देणार?

दुसरी बाब ऋतूची. पावसाळ्यांत किनाऱ्यावरील आगबोटी बंद असत, खाड्यांना पूर येई आणि वाटा चिखलांत जात. म्हणून यात्रा पावसाळा सरल्यावरच ठरे. मुंबईहून येणारी आगबोट मालवण व वेंगुर्लें घेत पणजीस जाई. तिनें गेल्यास चारही तरी वांचत. परंतु बोट धक्क्यास लागत नसे, ती दूर समुद्रांत नांगर टाकी. तेथपर्यंत नेणाऱ्या पडावाचें भाडें तिकिटांत धरलेलें आहे असें समजणारा नवखा प्रवासी फसत असे.

खाण्यापिण्याचा खर्च मात्र घरच्या बायकांनींच आटोक्यांत ठेवलेला असे. पोहे, गूळ, कुळथाचें पीठ, तांदूळ हें सामान गांठोड्यांतून जाई. देवस्थानांच्या अग्रशाळांतून उतरण्याची सोय होई. नात्यांतलें घर वाटेवर असलें तर एक मुक्काम तेथें पडे. रोकड लागे ती अभिषेक, ओटी, पुजाऱ्याची दक्षिणा व परततांना मुलांसाठीं घ्यावयाच्या वस्तूंना. म्हणजे ज्या खर्चाची आज सर्वांना धास्ती, तो राहण्याजेवण्याचा खर्च तेथें जवळजवळ नव्हताच. धास्ती होती ती हद्दीवरच्या दोन गोष्टींची, नाण्याची आणि जकातीची.

जुन्या गोमंतकी पद्धतींत साठ रेइसांचा एक टांग, पांच टांगांची एक शेराफी व दोन शेराफींचा एक रुपया होई. म्हणजे तिकडचा रुपया दहा टांगांचा आणि इकडचा सोळा आण्यांचा. नांव दोघांचेंही रुपयाच; पण त्याचे भाग जुळत नसत आणि चांदीही सारखी नसे. इकडचा रुपया सराफापुढें ठेवला कीं तो बट्टा कापून घेई, आणि उरलेली मोड परततांना पुन्हां बदलावयाची तर दुसऱ्यांदां बट्टा. हिशेबाला बसलेल्या कर्त्या पुरुषाला हा खर्च आधीं नेमका धरतां येत नसे.

ही अडचण दूर केली ती एका तहानें. २६ डिसेंबर १८७८ रोजीं लिस्बन येथें इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि १८८० च्या जानेवारींत तो अंमलांत आला. त्यानें दोन्ही मुलखांमधल्या जकाती उठविल्या आणि नाणीं एका मापाचीं केलीं. १८८१ सालीं गोव्यासाठीं नवे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळींत पाडण्यांत आले. एका बाजूस पोर्तुगालच्या राजाची छबी असली तरी वजन व कस इंग्रजी रुपयाचाच. आतां रुपया सोळा टांगांचा झाला. टांग म्हणजे आणा, पाव टांग म्हणजे पैसा, आणि एका पैच्या जागीं बरोबर पांच रेइस. मालवणांत मांडलेला हिशेब पणजींत जसाच्या तसा चालूं लागला! अंदाजपत्रकांतून बट्टा आणि जकात या दोन्ही बाबी एकदम पुसल्या गेल्या.

परंतु स्वस्ताईची किंमत कोणी तरी भरतच असतो. याच तहानें गोव्यांतील मिठाचा मक्ता इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेला. पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल दरसाल चार लक्ष रुपये मिळूं लागले, पण मिठागरांवर पोट भरणाऱ्यांचे हाल झाले आणि मीठ महागलें. यात्रेकरूची सोय झाली ती गोमंतकांतील गरिबाच्या ताटांतून. तिकडे हा तह अप्रिय ठरला, आणि बारा वर्षांची मुदत भरतांच १८९२ च्या जानेवारींत तो संपला. हद्दीवर जकातीचीं नाकीं पुन्हां बसलीं. गांठोडीं पुन्हां सोडून दाखवावीं लागलीं. एक गोष्ट मात्र तहाबरोबर गेली नाहीं. टांग आणि आणा यांची बरोबरी कायम राहिली. १९०६ पासून पोर्तुगीज बँकेच्या नोटा निघाल्या, १९१० सालीं पोर्तुगालचा राजा जाऊन तेथें प्रजासत्ताक आलें, तरी सोळा टांगांचा रुपया तसाच चालला.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर हा परदेश अधिक जवळ यावयाचा, तो उलट दूर गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं सत्याग्रह्यांनीं तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला व ते पकडले गेले. पुढच्या वर्षीं त्याच दिवशीं हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या; वीसाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर भारत सरकारनें हद्द बंद केली, मुरगांवची रेल्वे थांबली, आणि १ सप्टेंबर १९५५ रोजीं गोव्यांतील भारतीय वकिलात मिटली. ज्या यात्रेसाठीं पिढ्यान्‌पिढ्या तरीचे पैसे मोजून ठेवले जात, तिला आतां परवान्यावांचून वाट नव्हती. पैसा गांठीं असून नवस राहून जाऊं लागले.

याच काळांत नाण्यांचीही ताटातूट झाली. १ एप्रिल १९५७ रोजीं भारतांत रुपयाचे शंभर नवे पैसे झाले व आणा गेला. १९५८ सालीं गोव्यांत रुपयाच्या जागीं एस्कुदो आला, एका रुपयाला सहा. सत्याहत्तर वर्षें जुळलेला हिशेब अवघ्या वर्षाच्या अंतरानें दोन्ही तीरांवर मोडला. एका एस्कुदोचे नवे पैसे किती, तर सोळा आणि वर दोन तृतीयांश! पण तो अपूर्णांक सोडविण्याची वेळ फारशा यात्रेकरूंवर आलीच नाहीं.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. पुढें एस्कुदो गेला आणि तेरेखोलवरचें जकातनाकेंही गेलें. तरी मात्र कांहीं काळ राहिल्या. मांडवीवर पणजीजवळ पूल झाला तो १९७० सालीं, आणि कोंकण रेल्वे १९९८ सालीं धांवूं लागली. १९८१ सालीं जन्मलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आतां फोंड्यास जाणारें कुटुंब सकाळीं निघून देवीची ओटी भरून रात्रीं घरीं परतूं शकतें. त्याच्या खर्चाच्या टिपणांत प्रवासभाडें, ओटी, दक्षिणा व जेवण एवढींच कलमें असतात. बट्टा, जकात आणि परवाना हीं तीन कलमें गळालीं. आणि तीं गळावीं म्हणून तेरेखोलच्या दोन्ही तीरांवरच्या लोकांनीं जें मोजलें, तें कोणत्याच टिपणांत मांडलेलें नसतें.